एक तारा कुरियरचा, नाव आमचं: ऑनलाइन विक्रीतलं हे रेटिंग चालतं तरी कसं?

हळदवाली (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. शेतीचे धागे नेहमी वाचते, पण स्वतः धागा काढायची पहिलीच वेळ आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचा आठ बायांचा बचत गट आहे. वायगावची हळद ऐकून असाल, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली. आमचं गाव त्याच पट्ट्यातलं. हळद उकडायची, वाळवायची, घोळायची, चक्कीवर दळायची आणि पाव किलोची पाकिटं भरायची, असं आमचं काम. आधी वर्ध्याच्या प्रदर्शनात माल खपायचा. मागच्या वर्षी माझ्या भाच्यानं एका मोठ्या साइटवर दुकान उघडून दिलं. अन्नपरवाना आहे. जीएसटी नोंदणी नाही, पण ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला तिच्याशिवायही राज्याच्या आत ऑनलाइन विकता येतं, म्हणून पुणे, नाशिक, ठाणे एवढ्यातच पाठवतो.

दिवाळीपासून दहा रिव्ह्यू आले, दहाही पाच तारे. गटाच्या बैठकीत मोबाइल हातोहात फिरायचा. मग अकरावा आला. एक तारा. "पाकीट फाटलेलं. सगळीकडे हळद. फालतू." सोबत फोटो, त्यात आमची हळद एका पांढऱ्या उशीवर सांडलेली. खोटं कशाला बोलू, आधी मनात आलं की रंग काय सुंदर आलाय. मग रडू आलं.

पाकीट आमच्या घरून धड गेलं होतं. फाटलं ते वाटेत. आता ५ चं ४.६ झालं आणि आठ दिवसांत एकच ऑर्डर. हा तारा काढता येतो का? आणि त्या ताईंनी आम्हाला तारे दिले, तसे आम्हाला त्यांना देता येतात का? सासरे म्हणतात, "हिंगणघाटच्या अडत्यानं वजनातला कडता जास्त कापला तर पुढच्या खेपेले आपण बैलबंडी दुसऱ्याकडे नेतो. अन् कोनाचा कापूस ओला हाय, हे अडत्यालेबी ठाऊक असते. तुमच्या या बाजारात एकाच बाजूले डोये काऊन?"

मला उत्तर देता आलं नाही.

---

काऊन_बे

प्रश्नाला +१. हळदीचा भाव काय पण, ताई?

---

गणितमास्तर (पुलगाव)

ताई, आधी हिशोब, म्हणजे जीव थोडा खाली बसेल. दहा पंचे पन्नास, त्यात एक मिळवला की ५१. भागिले ११. येतात ४.६४, दिसतात ४.६. याच्यापुढे ओळीनं नऊ जणांनी पाच-पाच दिले तर ९६ भागिले २०, बरोबर ४.८. म्हणजे एका फाटक्या पाकिटानंतर नुसतं ४.८ वर यायलाही नऊ धड पाकिटं लागतात, तीसुद्धा रिव्ह्यू लिहिणाऱ्यांच्या घरी पोचलेली. ज्याच्याकडे हजार रिव्ह्यू आहेत त्याला असला एक तारा डास चावल्याइतकाही लागत नाही. सरासरी लहान दुकानदाराला जास्त झोडपते, एवढंच यात गणित आहे.

बऱ्याच साइटी साधी सरासरी दाखवतही नाहीत. अमेझॉन स्वतःच सांगते की तारे काढताना रिव्ह्यू किती ताजा आहे, खरेदी पक्की आहे की नाही, अशा गोष्टींना वजन दिलं जातं. तेव्हा तुमचा आकडा माझ्या पाटीवरच्या आकड्याशी जुळला नाही तर मला धरू नका.

दुसरं, तारे दोन प्रकारचे असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक वस्तूचे: हळद कशी आहे? दुसरे विक्रेत्याचे: वेळेवर पाठवली का, सांगितली तीच पाठवली का, वागणूक कशी? गिऱ्हाईक घाईत असतं, जो चौकोन आधी दिसला त्यात राग ओततं. त्या ताईंचा तारा हळदीच्या खात्यावर पडलाय की दुकानाच्या, हे आधी बघा.

दुकानाच्या खात्यावर असेल आणि माल साइटच्या गोदामातून, साइटच्याच माणसांनी पोचवला असेल, तर मार्ग असतो. अमेझॉनवर अशा वेळी पोचवण्याबद्दलच्या तक्रारीवर रेघ मारतात आणि ही जबाबदारी आमची होती असं खाली लिहितात. पण तुम्ही घरून पाठवत असाल, तर पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत ते तुमचंच. कुरियर कोणाचा, हे कोणी विचारत नाही.

---

हळदवाली

घरूनच जातं मास्तर. कुरियरचा पोरगा फाट्यावर येतो, आम्ही नेऊन देतो. आणि तारा हळदीच्या खात्यावर आहे. म्हणजे हळदीचा गुन्हा नसताना हळदीलाच शिक्षा.

---

नाणेवेडा (परतवाडा)

सासऱ्यांचा प्रश्न लाखमोलाचा आहे. एके काळी या बाजाराला दोन्ही बाजूंनी डोळे होते. ते का मिटले, ती गोष्ट सांगतो.

मला जुन्या नाण्यांचा नाद. ईबे ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट भारतात आली ती २००४ साली बाझी डॉट कॉम विकत घेऊन, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिचं इथलं दुकान बंद झालं. मधल्या काळात माझा बराच पगार तिथं गेला, बायको अजून काढते. ही कंपनी १९९५ ची. पिएर ओमिद्यार नावाच्या गृहस्थानं काढलेली. अनोळखी माणसानं अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे आणि माल येईल म्हणून वाट बघायची, असा तो धंदा. भांडणं व्हायची आणि निवाड्यासाठी सगळे ओमिद्यारकडे धावायचे. त्यानं १९९६ च्या फेब्रुवारीत युक्ती केली: तुमचं तुम्हीच एकमेकांबद्दल उघड लिहा. चांगलं असेल तर अधिक एक, वाईट असेल तर उणे एक, मधलं असेल तर शून्य. घेणारा विकणाऱ्याला देणार, विकणारा घेणाऱ्याला. सगळ्यांना दिसणार.

झकास वाटतं ना? आता माझा अनुभव ऐका. एकाकडून शिवराई घेतली. फोटोत एक, पाकिटात दुसरंच घासलेलं नाणं. मी उणे एक दिला. तासाभरात त्यानं मलाही उणे एक दिला आणि लिहिलं, "पैसे वेळेवर देत नाही." मी पैसे त्याच दिवशी भरले होते. मग त्याचा निरोप: तू तुझा मागे घे, मी माझा घेतो. मी घेतला. काय करता? मला पुढेही खरेदी करायची होती आणि माझ्या नावापुढचं ते लाल चिन्ह बघून कोण माल देणार?

हा उद्योग जगभर चालायचा. वाईट लिहिलं तर सूड येतो, हे कळल्यावर माणसं गप्प बसायला लागली. दोन अमेरिकी अभ्यासकांनी, रेझनिक आणि झेकहाउझर यांनी, ईबेचे १९९९ चे व्यवहार तपासले होते. जेमतेम निम्मे गिऱ्हाईक अभिप्राय लिहीत होते आणि त्यात वाईट लिहिणारे शंभरात एकाहूनही कमी. बाजार एवढा सज्जन असतो का कधी? शेवटी २००८ मध्ये ईबेनं नियमच फिरवला. विकणाऱ्यानं घेणाऱ्याला द्यायचा तर चांगलाच अभिप्राय द्यायचा, नाहीतर काही नाही. विक्रेत्यांनी फार आरडाओरडा केला. पण त्या दिवसापासून एक डोळा मिटला तो मिटलाच.

---

गणितमास्तर (पुलगाव)

नाणेवेडा, याच दोघांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा पोस्टकार्डांचा प्रयोगही आहे, २००६ साली छापून आलेला. ईबेवरच्या एका जुन्या, चांगलं नाव असलेल्या विक्रेत्यानं सारखीच जुनी पोस्टकार्डं अर्धी आपल्या नावानं विकली, अर्धी कोऱ्या, नव्या नावांनी. माल तोच, माणूस तोच. जुन्या नावाला सुमारे ८ टक्के जास्त भाव मिळाला. नावाची किंमत अशी मोजून दाखवलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ताई, तुमच्या हळदीच्या शेजारी "वायगाव" लिहिलेली दुसरी पाकिटं पण असतीलच त्या साइटवर? खरी-खोटी?

---

हळदवाली

पुष्कळ! त्यातली एक तर आमच्यापेक्षा निम्म्या भावात. एवढ्या भावात आमची चक्की पण निघत नाही. तारे ४.४ आणि रिव्ह्यू अडीच हजार.

---

गणितमास्तर (पुलगाव)

मग अकेरलॉफची आठवण काढतोच. हा अर्थशास्त्राचा नोबेल (२००१) मिळालेला माणूस. १९७० साली त्यानं एक लेख लिहिला, की घेणाऱ्याला चांगला-वाईट माल ओळखता येत नसेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हाकलतो, कारण सगळ्यांना सरासरी भाव मिळतो आणि त्या भावात चांगला माल परवडत नाही. उदाहरण मुख्यतः जुन्या मोटारींचं. पण त्यात भारतातल्या बाजाराचाही उल्लेख आहे: तांदळाच्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि घरची बाई ते निवडत बसते. माझ्या आईचं अर्धं आयुष्य सुपात गेलं, तिला नोबेल नाही मिळालं ते सोडा. सुपाचं काम मोबाइलवर कोणी करावं, तर ते ताऱ्यांनी. खडे नेमके ताऱ्याच्याच आकाराचे यायला लागले तर काय, ते पुढचं.

---

पार्सलवाला_पोट्टा

मी हिंगनघाटवरून पार्सल वाटतो. सगये कुरियरले शिव्या देऊन रायले म्हून लिवतो.

ताई तुमचं पाकीट कसं फाटते ते सांगतो. तुमी फाट्यावर देता, ते पोत्यात जाते. पोतं गाडीत फेकतेत, नागपूरले उतरोतेत, पट्ट्यावर टाकतेत, पुन्हा पोत्यात. पाचसहा खेपा तरी फेकनं होते. खाली हळद अन् वर कोनाचा मिक्सर. पातय पाकीट टिकनारच नाई. डबा घ्या प्लास्टिकचा, झाकनाले टेप मारा, मंग खोक्यात टाका. दहाबारा रुपये लागतीन.

अन् तारे आमालेबी असतेत. लोकाइले वाटते हा पोट्टा नुसता फिरून रायला. डिलिवरी झाली की गिऱ्हाइकाले मेसेज जाते, डिलिवरीवाला कसा होता. एका आजीच्या नातवानं एक दाबला, काऊन तं म्हने मोबाइलचा रंग दुसरा निघाला. आता रंग म्या देल्ला का?

खरा ताप दुसरा हाय. मानूस बुधवारी रात्री पडल्यापडल्या सीओडीवर, म्हंजे माल आल्यावर पैसे, बूट मांगवते. पार्सल येते सोमवारी. मी दारात उभा, तो म्हंते आज पैसे नाई, कापूस मोजून आलो की देतो, बाजाराच्या दिवशी ये. मी तीनदा येतो. मंग माल वापस. त्याले आमच्याकडे आरटीओ म्हंतेत, रिटर्न टू ओरिजिन. एका काकाले सांगतलं "तुमचा माल आरटीओत गेला", तं काका वर्ध्याच्या गाड्यांच्या ऑफिसात जाऊन बसले!

---

सेतूवाला (मारेगाव, जि. यवतमाळ)

पार्सलवाल्या भाऊनं दुखरी नस दाबली. ताई, तुम्ही विचारलं की घेणाऱ्याला तारे देता येतात का. तुम्हाला नाही देता येत. पण त्याला तारे नसतात असं समजू नका. असतात, फक्त कोणाला दाखवत नाहीत. आमच्या गावाला ते कसे कळले, ऐका.

माझं सेतू केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे फॉर्म, आणि मधल्या वेळात गावाची खरेदी. ज्यांना ॲप जमत नाही ते माझ्याकडे येतात, मी माझ्याच खात्यावरून मागवून देतो. पत्ता माझ्या केंद्राचा, सीओडी. साडी, टॉर्च, बैलाचे घुंगरू, चार्जर, एकदा तर नवरदेवाचा फेटा. वर्षाला दीड-दोनशे पार्सलं सहज. वीस रुपये घेतो एका ऑर्डरचे, लपवायचं काय त्यात.

मागच्या पावसाळ्यात एकदम सीओडीचा पर्याय दिसेनासा झाला. पैसे आधी भरा. मला वाटलं ॲप बिघडलं. काढून पुन्हा टाकलं, तेच. कस्टमर केअरला फोन केला, तर पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आपल्या खात्यावर नाकारलेल्या आणि परत केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण जास्त आहे." किती जास्त? सांगता येणार नाही. किती झालं की उघडेल? सांगता येणार नाही.

मी वही काढून बसलो. जुलै-ऑगस्टमध्ये पेरणी-डवरणीनं सगळ्यांचे खिसे रिकामे. त्या दोन महिन्यांत चौदा पार्सलं परत गेली होती. त्यातली नऊ तीन घरांची. तीन घरांनी नाकारलं आणि शिक्षा अख्ख्या गावाला. माझं खातं म्हणजे सामाईक सातबारा झाला हो: एकाच्या कर्जाचा बोजा चढला की बाकीच्यांचा पण खोळंबा.

विक्रेत्याला निदान दिसतं की आपण ४.६ आहोत, कोणी काय लिहिलं, का लिहिलं. काही साइटांवर त्याखाली उत्तरही लिहिता येतं. घेणाऱ्याचा हिशोब मात्र बंद पेटीत. शहरात एक माणूस, एक मोबाइल, एक खातं. खेड्यात एका खात्यामागे चाळीस घरं, हे त्या मशीनला कोण सांगणार?

---

नाणेवेडा (परतवाडा)

सेतूवाले भाऊ, उबर यात बरी. ड्रायव्हर प्रवाशाला तारे देतो आणि आपले आपल्याला ॲपमध्ये बघता येतात. नागपूरला मुलाकडे गेलो की आधी माझे बघतो, ४.८ वर आहे. सून म्हणते बाबा तुम्ही गप्पा फार मारता, म्हणून तेवढे कमी.

आणि सूड टाळायचाही उपाय निघाला आहे. पाहुण्यांना राहायला घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीनं २०१४ पासून दोन्ही बाजूंचे अभिप्राय झाकून ठेवायला सुरुवात केली. पाहुण्यानं लिहिलं, घरमालकानं लिहिलं, की दोन्ही एकदम उघडतात. एकानंच लिहिलं तर चौदा दिवसांनी उघडतं, तोवर दुसऱ्याची मुदत संपलेली. समोरच्यानं काय लिहिलं हे बघून लिहिता येत नाही. शिवराईच्या वेळी हे असतं तर!

---

पंपात_फसलो (वरूड)

सगळे विक्रेत्याच्या बाजूनं बोलून राहिले, आता आमचं ऐका.

संत्र्यावर फवारायला बॅटरीचा पंप घेतला ऑनलाइन. ४.३ तारे, चारशेच्या वर रिव्ह्यू. दुसऱ्या फवारणीला बॅटरी बसली. रिव्ह्यू पुन्हा वाचले तेव्हा उजेड पडला. "छान पॅकिंग." "लवकर मिळाला." "कलर मस्त." अरे, पंप घेतला का राखी? जवळपास सगळे रिव्ह्यू पार्सल उघडल्या दिवशीचे. पाणी भरून झाडाखाली उभा राहून कोणी लिहिलंच नव्हतं. संत्र्याचा आंबिया बहार संपल्यावर कोण जाते तारे द्यायला?

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. पाच तारेवाले वाचतच नाही, एक तारेवाले पण नाही, ते हळदवाल्या ताईच्या गिऱ्हाइकासारखे पेटलेले असतात. तीन तारेवाला वाचतो. तो माणूस थंड डोक्यानं लिहिते: हे बरं हाय, हे बरं नाई. मग नवे आधी, असं लावून बघतो. जुने रिव्ह्यू चांगले अन् मागच्या दोन महिन्यांचे खराब, म्हणजे माल बदलला. आणि फोटो. दांड्याला चिखल लागलेला फोटो दिसला, की तो माणूस खरा.

एक अजून. पंपाच्या डब्यात चिठ्ठी होती: "पाच तारे देऊन स्क्रीनशॉट पाठवा, ५० रुपये मिळवा." मी पाठवला होता. लाज वाटते, पण पाठवला होता. त्या ४.३ मध्ये माझे पाच बसले आहेत.

---

आर्वीचे_वकील

पंपवाले भाऊ, कबुलीबद्दल शाबास. ती चिठ्ठी नियमात बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन समीक्षांसाठी मानक काढलं, आयएस १९०००:२०२२. लिहिणारा खरा आहे का ते तपासा, पैसे देऊन लिहवून घेतलेलं छापू नका, असा त्याचा रोख. पण ते ऐच्छिक ठेवलं, इथंच घोडं अडलं. सक्तीचे आहेत ते २०२० चे ई-कॉमर्स नियम. विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं सोंग घेऊन स्वतःच्या मालावर रिव्ह्यू लिहिणं त्यात मना आहे. साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार मिटवायची, हेही त्यातच.

पंपाचं बिल आहे ना? १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नाही जमलं तर जिल्हा आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथेच तक्रार लावता येते, कंपनीच्या गावी जायचं काम नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. हळदवाल्या ताई, तुम्ही इथे विक्रेत्या. हा दरवाजा तुमच्यासाठी नाही.

---

देवळीचा_बंटी

पाच तारे देऊन पैसे कमवायचे मेसेज मला रोज येतात व्हॉट्सॲपवर. घरबसल्या हॉटेलला रेटिंग द्या, एका रेटिंगचे ५० रुपये. खरे आहेत का? एका मित्राला पहिल्या दिवशी १५० आले पण.

---

आर्वीचे_वकील

बंटी, ते गळाला लावलेलं गांडूळ आहे. पहिले दीडशे देतात, मग "प्रीमियम टास्क"साठी दोन हजार भरा, ते सोडवायला दहा हजार भरा. तिथं ना हॉटेल असतं ना रेटिंग. मित्रानं पैसे भरले असतील तर आजच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांग, उद्या नको. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

---

माहेर_पुसद

मी पुण्यात असते. बोलू का त्या एक तारेवाल्या बाईच्या बाजूनं? रागावू नका.

तिनं पैसे मोजून हळद मागवली आणि दार उघडल्यावर तिच्या हातात पिवळी पिशवी आली. उशी गेली, ओढणी गेली. हळदीचा डाग निघतो का सांगा? तिला कुरियर कोण, गट कोण, फाटा कोणता, काही माहीत नाही. साइटनं तिला एकच प्रश्न विचारला: किती तारे? पाच चौकोनांत तिनं पूर्ण दुपार कोंबायची. दुकानात असती तर म्हणाली असती, "अहो बाई, पाकीट जरा जाड घ्या," आणि तुम्ही दुसरं दिलं असतं. तिनं तारा दिला कारण बोलायला समोर कोणी नव्हतं.

तुम्ही तिला खाली उत्तर लिहिलंत का, ताई?

---

हळदवाली

नाही लिहिलं. लिहिता येतं हेच माहीत नव्हतं. भाच्याला विचारते.

खरं सांगू, राग होता. गटातल्या एकीनं तर आपणच चार-पाच जणींच्या नावानं पाच-पाच तारे टाकू असंही सुचवलं. मी नाही म्हटलं, पण एक रात्र विचार केला होता.

---

सेतूवाला (मारेगाव, जि. यवतमाळ)

बरं केलं नाही टाकले. एकाच गावातून, एकाच मोबाइल टॉवरखालून पाच रिव्ह्यू एकदम आले, तर मशीन धरते म्हणतात. मग खरे दहाही जातील.

---

हळदवाली (तीन आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढते. सगळ्यांचे उपकार.

भाच्यानं उत्तर लिहायची जागा दाखवली. लिहिलं: "ताई, पाकीट पातळ होतं, ती आमची चूक. उशीचं वाईट वाटलं. डाग ओला असताना साबण लावून कडक उन्हात ठेवा, दोन-तीन दिवसांत फिका पडतो. आम्ही आता डबा वापरतो." हळदीच्या डागाला ऊनच लागतं, हे आम्हा हळदवाल्यांना नाही माहीत तर कोणाला. त्यांचा तारा एकच आहे अजून, बदलला नाही. पण त्याखाली आमचं उत्तर वाचून नाशिकच्या एका काकूंनी ऑर्डर दिली आणि रिव्ह्यूमध्ये तसं लिहिलं. उत्तर रागावलेल्या माणसासाठी नसतं, मागून येणाऱ्यासाठी असतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

पार्सलवाल्या भाऊ, तुम्ही म्हणाला तसा डबा घेतला. साडेअकरा रुपयांना पडतो, भाव पंधरानं वाढवला. झाकणाला टेप. सासूबाईंना भरवसा नाही म्हणून त्यांनी टेपचे तीन वेढे दिले, वरून प्लास्टिक, पुन्हा टेप.

काल नवा रिव्ह्यू आला, ठाण्याहून. चार तारे. "हळद उत्तम. डबा उघडायला कात्री, सुरी आणि शेजारचे काका लागले."

---

पार्सलवाला_पोट्टा

😂 आजीले सांगा एकच वेढा.

---

काऊन_बे

सगळं झालं, भाव अजून नाही सांगितला. दोन डबे पाहिजेत. आणि मी आर्णीला राहतो, डिलिव्हरी येत नाही, एसटीनं पाठवता का?